पडद्यावरून दुभाष्याचे काम

प्रश्न : गावी राहून, संगणकाच्या पडद्यावरून, कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून मला काम करता येईल का?

उत्तर : अवश्य, मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली दोन वर्षांची पदविका आधी रीतसर संपादन करावी. या भाषेत प्रश्न भुवयांवरही उमटतो, म्हणून प्रकाश समोरून मुखावर पडावा. शिक्षक फळ्याकडे बोट दाखवून 'हे इकडे आणले' म्हणतात, तेव्हा फळा न दिसणाऱ्या दुभाष्याचे हात निरुपायाने थबकतात. आणि तो दिसत असला, तरी विद्यार्थ्याला एकाच क्षणी फळा व हात दोन्ही पाहता येत नाहीत, ही अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. सबब शिक्षकांना क्षणभर थांबण्याची विनंती निःसंकोचपणे करीत जावी. पाठाचे टाचण मात्र आदल्या दिवशीच मागून घ्या.