ही शपथ मोड

अगं, 'जगावंसं वाटत नाही, पण कुणाला सांगू नकोस, शपथ आहे' असा मैत्रिणीचा मेसेज आला आणि तेव्हापासून तू तो पोटात ठेवून फिरतेयस. परवा तिने आपले पैंजण धाकटीला देऊन टाकले म्हणालीस, त्याने माझ्या काळजात धस्स झालं. आवडीच्या वस्तू अशा वाटून टाकणं ही धोक्याची खूण असते. बाई गं, ही शपथ मोडायचीच.

तिला सरळ विचार, 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने नसलेला विचार मनात शिरत नाही. हो म्हणाली तर 'आईबापाचा तरी विचार कर' असं सुनावू नकोस. ऐकून घे, रडली तर रडू दे, आणि तिला एकटी सोडू नकोस. जिचा धोका वाटतो ती वस्तू घरातल्या मोठ्यांच्या ताब्यात जायला हवी.

रात्र रात्र ती ज्या ग्रुपवर असते, तिथे तिचं कुणीतरी ऐकतं म्हणून ती जाते. त्यावरून बोल लावू नकोस. पण तिथल्या मरणाच्या, निराशेच्या पोस्टी बघत राहिलं की मोबाईल तेच आणखी पुढ्यात आणतो. लंडनची 14 वर्षांची मॉली रसेल 2017 मध्ये गेली. तिने इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी पाहिलेल्या मजकुराचाही तिच्या मृत्यूला हातभार लागला, असा निष्कर्ष तिथल्या मृत्यू-चौकशीत 2022 मध्ये निघाला.

पोलीस केस होईल, गावात बोभाटा होईल, या भीतीने घरचे गप्प बसतात. पण मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न करणारं माणूस तीव्र तणावाखाली होतं असंच धरतात. त्याची काळजी घेणं, उपचार देणं सरकारवर बंधनकारक आहे.

तुमच्या खांब गावाहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय लांब वाटेल, पण फोन हाताशी आहे. 14416, सरकारची टेलि-मानस सेवा. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. तू स्वतः लावून विचारलंस तरी चालेल. आत्ताच काही बरंवाईट होईल असं वाटलं तर 108 किंवा 112 लाव.

तू तिची मैत्रीण आहेस, डॉक्टर नाहीस. हे ओझं एकटीने वाहू नकोस. आजच तिच्या आईला सांग. आईशी जमत नसेल तर मावशीला, शाळेतल्या बाईंना, आशाताईंना. एकटीने बोलायचा धीर होत नसेल तर मला कळव, मी येते खांबला, दोघी मिळून जाऊ तिच्या घरी.