टंचाईच्या काळातील स्वस्ताईचे शास्त्र : वर्धा-अकोल्याचे प्रयोग आणि नेर तालुका

यवतमाळ जिल्ह्यातील नेर हा कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणारा तालुका. येथील शेती मुख्यत्वे पावसावर विसंबून आहे. मृगाने हुलकावणी दिली किंवा ऐन बोंडे फुटण्याच्या सुमारास अवकाळी पाऊस कोसळला, की वर्षभराच्या संसाराचा हिशेब विस्कटतो. उत्पन्न घटले तरी डाळ, तेल, सरपण, भाजीपाला यांचा खर्च थांबत नाही. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत यवतमाळचा समावेश होता. कर्ज आणि सिंचन यांचा विचार त्या वेळी प्राधान्याने झाला, आणि ते योग्यच होते. परंतु संकटात सापडलेल्या कुटुंबाचा दुसरा प्रश्न असतो तो नित्याच्या वस्तूंचा. या वस्तू त्याच्या आवाक्यात कशा आणता येतील?

वस्तू स्वस्त करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग अनुदानाचा व किंमत-नियंत्रणाचा. तो शासनाच्या हाती असतो आणि तिजोरीच्या मर्यादेतच चालतो. दुसरा मार्ग वस्तूची घडण आणि ती तयार करण्याची रीत बदलण्याचा. दुसऱ्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा ब्रिटनने १९४२ पासून मोजक्याच, साध्या परंतु टिकाऊ नमुन्यांचे फर्निचर ठरावीक दराने उपलब्ध करून दिले. तेथे नक्षी गेली, मजबुती राहिली. काटकसर म्हणजे हलका माल नव्हे, हा त्यातील मुख्य धडा होय.

मगनवाडीचा वारसा

या दुसऱ्या मार्गाचा पाया विदर्भातच, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात घातला गेला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, म्हणजेच मगनवाडीत, संघाचे कार्य सुरू झाले. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे मूळचे हिशेबतज्ज्ञ. खेड्यातील प्रत्येक वस्तूकडे ते त्याच दृष्टीने पाहत. तिच्या किमतीतील किती पैसा गावात राहतो आणि किती गावाबाहेर जातो, हा त्यांचा प्रश्न असे.

रॉकेल हे त्याचे ठळक उदाहरण. दिव्यासाठी खेड्यातील पैसा बाहेर जाई आणि त्याच वेळी कडुनिंब, करंज यांसारख्या झाडांच्या अखाद्य तेलबिया वाया जात. वनस्पतितेल घट्ट असल्याने ते वातीतून रॉकेलइतके सहज वर चढत नाही, ही यातील अडचण होती. या तेलावर चालेल अशा रचनेचा ‘मगन दीप’ संघाने तयार केला. युद्धकाळात रॉकेलची टंचाई झाली, तेव्हा अशा दिव्याचे महत्त्व अधिकच पटले. धूर कमी करणारी ‘मगन चूल’ आणि झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली ‘वर्धा घाणी’ ही याच परंपरेची फळे. ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही वर्ध्यात उभे आहे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथाचे लेखक शुमाखर यांच्यावरही कुमारप्पांच्या विचारांचा प्रभाव होता.

डाळीचा हिशेब

मगनवाडीचा हा प्रश्न नेर तालुक्याला आज लावून पाहिला, तर पहिले उत्तर तुरीत सापडते. शेतकरी तूर विकतो आणि पुढे वर्षभर डाळ विकत घेतो. या दोन भावांमधील अंतरात वाहतूक, अडत, भरडाई, साठवण आणि नफा सामावलेला असतो. घरच्या जात्यावर डाळ करता येते. परंतु तूर भिजविणे, वाळविणे, भरडणे आणि पाखडणे यांत स्त्रियांचे अनेक दिवस जातात व चुराही बराच होतो. तुरीचे टरफल डाळीला घट्ट चिकटलेले असते, हे त्याचे मूळ कारण.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ ही अडचण गावपातळीवर सोडविते. खरखरीत रुळावर घासून टरफल सैल करणे, तेल-पाण्याचा हात देऊन तूर वाळविणे आणि पुन्हा यंत्रातून काढून डाळ वेगळी करणे, असा हा क्रम आहे. मोठ्या गिरणीचेच तत्त्व येथे लहान आकारात वापरले आहे. चुणी व टरफल गावातच राहून जनावरांच्या खाद्याला उपयोगी पडते. तथापि हंगामाचे काही महिनेच यंत्र चालत असेल, तर भांडवल अंगावर येते. म्हणून परिसरातील तूर, हरभरा, मूग व उडीद मिळून किती भरडाई मिळेल, हे बचत गटाने यंत्र घेण्यापूर्वीच मोजले पाहिजे.

विजेविना शीतकक्ष

विदर्भाचा उन्हाळा कडक असला तरी कोरडा असतो, आणि हा कोरडेपणा उपयोगात आणता येतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष माठाच्याच तत्त्वावर चालतो. विटांच्या दोन भिंती, त्यांमधील सुमारे साडेसात सेंटिमीटरच्या फटीत ओली वाळू आणि वर वाळ्याचे किंवा गोणपाटाचे झाकण, एवढेच त्याचे साहित्य. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश सेल्सिअसने खाली येऊ शकते. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले, की पालेभाजी अधिक काळ टवटवीत राहते आणि विक्रेत्याला संध्याकाळी ती मातीमोल भावाने विकावी लागत नाही. पावसाळ्यात हवा दमट असल्याने मात्र त्याचा लाभ घटतो. तसेच जेथे पिण्याच्या पाण्याचीच चणचण आहे, तेथे प्रथम पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे.

अपयशाचाही अभ्यास हवा

स्वस्त साधन दिले म्हणजे काम संपले, असे मानणे धोक्याचे आहे. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. परंतु त्यांतील पुष्कळ चुली काही काळातच मोडल्या किंवा वापरातून गेल्या. धुराडे साफ कोण करणार, भेगा कोण बुजविणार, घरातील भांडी त्या चुलीवर बसतात काय, स्थानिक सरपण तीत जळते काय, या प्रश्नांकडे पुरेसे लक्ष पुरविले गेले नाही. नेरसारख्या भागात पऱ्हाट्या आणि तुराट्या हेच सरपण असल्याने, चुलीचा नमुना त्यांवरच तपासून घ्यावा लागतो.

निवडीच्या कसोट्या

कोणतेही साधन स्वीकारताना पुढील कसोट्या लावाव्यात :

१. खरेदीच्या किमतीबरोबरच इंधन, दुरुस्ती आणि टिकाऊपणा धरून वर्षाचा खर्च किती येतो?
२. गावातील गवंडी, सुतार किंवा लोहार ते दुरुस्त करू शकतो काय?
३. त्यामुळे घरातील स्त्रियांचे श्रम वाचतात, की वाढतात?
४. किमतीतील पैशाचा किती भाग गावात राहतो?
५. गुणवत्ता व सुरक्षितता यांत कोठे तडजोड झाली आहे काय?

ग्रामपंचायतीने आपल्या आवारात एक शीतकक्ष बांधून एक उन्हाळा त्याच्या नोंदी ठेवाव्यात. शाळेतील शिक्षकांनी आत-बाहेरच्या तापमानाची नोंद विद्यार्थ्यांकडून रोज करून घ्यावी; विज्ञानाच्या पाठाला याहून चांगले साहित्य नाही. विस्तार अधिकाऱ्यांनी ‘उमेद’ अभियानातील गटांना डाळ मिलचा जमाखर्च शिकवावा. किती साधने वाटली, यापेक्षा तीन वर्षांनंतर त्यांपैकी किती वापरात आहेत, हा आकडा पंचायत समितीच्या बैठकीत मांडला जावा. नोंदी अशा ठेवल्या, तर पुढील टंचाईच्या वर्षी कोणते साधन घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे गावाला स्वतःच्याच दप्तरातून कळेल.