जुना झेंडा कसा जपतात?

बालमित्रांनो, फाटलेला तिरंगा फडकवत नाहीत. नियमाप्रमाणे तो एकांतात, मानाने, शक्यतो जाळून नष्ट करतात. पण चेन्नईत एक जुना झेंडा मुद्दाम जपलाय. का बरं? तो १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे सेंट जॉर्ज किल्ल्यावर फडकला होता. नवा झेंडा दुकानात मिळेल, पण त्या पहाटेचा पुन्हा मिळणार नाही!

तो रेशमी आहे. लांबी १२ फूट, रुंदी ८ फूट. २६ जानेवारी २०१३ रोजी किल्ल्यातल्या संग्रहालयात तो लोकांसाठी मांडला.

कापडाचे शत्रू तीन. उजेडाने रंग विटतो, ओलाव्याने बुरशी येते, कसर धागे खाते. म्हणून झेंडा हवाबंद काचपेटीत ठेवला. जवळ सिलिका जेलच्या वाट्या ठेवल्या. नव्या बुटांच्या खोक्यात पुडी असते ना, तेच दाणे. ते ओलावा शोषतात.

गुरुजी सांगतात, जुना झेंडा धुऊ नये, इस्त्री करू नये. माप, कापड, तारीख आणि तो कुठे फडकला, हे वहीत लिहावं. नोंद नसली तर पुढच्यांना ते साधं कापडच वाटेल.

पालकांनो, तुमच्या ट्रंकेत प्रभातफेरीचा जुना झेंडा असला तर टाकू नका. त्याची हकिकत आम्हाला सांगा, आम्ही लिहून घेऊ.