परसबागेतील तुती

महाबळेश्वर व पाचगणी येथे उन्हाळ्यात स्ट्रॉबेरीच्या शेजारी काळसर जांभळी तुती विक्रीस मांडलेली दिसते. घाट उतरून वाई ओलांडली की ती दुर्मिळ होत जाते, आणि माण, आटपाडी, जत या भागांतील अनेक मुलांना ती केवळ नावाने ठाऊक असते. याचे कारण हवामान नव्हे. तुतीचे फळ उतरल्यावर एक-दोन दिवसांतच पाझरू लागते. त्यास टोपलीचा प्रवास मानवत नाही. ज्याच्या दारी झाड, त्यालाच फळ, असा हा प्रकार असल्याने हे झाड बाजारापेक्षा परसबागेचे अधिक होय.

तुती मूळची आशिया खंडातील. चीनमध्ये रेशमाच्या किड्यांसाठी तिची लागवड हजारो वर्षे होत आली आहे. आपल्याकडील नाव फारसी 'तूत' या शब्दापासून आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुत्ती नावाच्या इटालियन गृहस्थाने पुण्याजवळ रेशमासाठी तुती लावून पाहिली. तो उद्योग टिकला नाही. परंतु झाड दख्खनच्या हवेत चांगले तग धरते.

लागवड काडीपासून करावी. बियांपासून वाढविलेले झाड कसे निघेल याचा भरवसा नसतो. काही झाडांना केवळ नरफुले येतात व अशा झाडाखाली मुले वर्षानुवर्षे व्यर्थ वाट पाहतात. म्हणून ज्या झाडाची फळे प्रत्यक्ष चाखली आहेत, त्याच झाडाची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब व तीन-चार डोळे असलेली काडी घ्यावी. खालचे टोक तिरपे कापून, वरचा एक डोळा मोकळा ठेवून, मृगाच्या पावसानंतर ती मातीत खोचावी. डोळे उलट्या दिशेला जाणार नाहीत हे मुलांकडून पाहून घ्यावे. ही चूक नेहमी होते. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरते. फळ नव्या फुटीवर येत असल्याने हंगाम संपताच फांद्या छाटाव्यात, म्हणजे झाड मुलांच्या हाताच्या टप्प्यात राहते.

शाळेच्या आवारात जुलैत लावलेली रोपे मे महिन्याच्या सुटीत पाण्यावाचून वाळतात, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. घरी मोरीजवळ लावलेल्या काडीस निदान रोजचे सांडपाणी मिळते. दुष्काळी तालुक्यांत तर हाच मार्ग बरा. साबणाचे पाणी तेवढे थेट बुंध्याशी सोडू नये.

तासगाव व मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात मात्र एक गोष्ट कसोशीने पाळावी. तुतीस सोलून टाकावी अशी साल नाही. मुले ती झाडावरून तोडून तशीच तोंडात टाकतात. बागेवर फवारलेले औषध वाऱ्याने सहज झाडावर येते. यास्तव द्राक्षबागेच्या बांधावर तुती लावू नये. घरापाशी लावावी व फळ धुऊनच खाण्याची सवय लावावी. वर्गात रेशमाचे किडे पाळावयाचे असल्यास ही दक्षता दुप्पट हवी. औषधाचा किंवा शेजारच्या तंबाखूचा किंचित अंश पानावर असला, तरी किडे मरतात.

निसर्गपाठासाठी याहून सोयीचे झाड क्वचितच मिळेल. एकाच झाडावर काही पाने अखंड, तर काही खोल कापलेली असतात. ती मुलांनी गोळा करून वहीत चिकटवावीत. देठ मोडल्यास चीक निघतो, कारण तुती ही वड व फणस यांच्या कुळातील होय. एक तुती म्हणजे एक फळ नव्हे. पुष्कळ लहान फुलांची फळे एकत्र जुळून ती बनते, आणि फणसाचा गराही तसाच एकेका फुलाचा असतो. एवढे सांगितले की मुले पुढचा फणस मोजूनच खातात.

पूर्ण पिकलेल्या काळ्या तुतीचा रस दोन वाट्यांत घ्यावा. एकीत लिंबू पिळल्यास रस लाल होतो. दुसरीत चुन्याची निवळी घातल्यास निळसर हिरवट होतो. निवळी घातलेली वाटी शिक्षकांनी स्वतःजवळच ठेवावी.