नांदेड ते न्यू ऑर्लिन्स : विमान उत्तरेला का निघेल?

आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. तशीच एक वेधशाळा अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला लिव्हिंग्स्टनला आहे. आपल्याला जवळचं विमानतळ नांदेड. तिथून थेट विमान नाहीच, पण समजा असतं, तर किती किलोमीटर आणि किती तास?

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी पश्चिमेला जाते. त्या रेघेने जवळपास १७,००० किमी होतात. आता पृथ्वीच्या गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून बघा. दोरा घसरत घसरत थेट ग्रीनलंडजवळ जातो! यालाच ग्रेट सर्कल म्हणतात.

कॅल्क्युलेटर घ्या, डिग्री मोडमध्ये आहे ना ते आधी बघा. सूत्र असं: पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाचा कॉस = दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार + (दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा गुणाकार × रेखांशांच्या फरकाचा कॉस).

नांदेड १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व. न्यू ऑर्लिन्स २९.९९ उत्तर, ९०.२६ पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून फरक काढायला बेरीज करायची: १६७.५८. उत्तर येतं उणे ०.६३५, म्हणजे कोन १२९.४ अंश. एका अंशाला १११.२ किमी धरले की १४,३९० किमी. अडीच हजार किलोमीटर वाचले! विमान निघताना उत्तरेपासून फक्त १४ अंश पश्चिमेला वळलेलं असेल आणि वाटेत ७७ अंश उत्तरेपर्यंत चढेल.

ताशी ९०० किमीने १६ तास. खरं विमान जास्त घेतं, कारण चढणं-उतरणं आहे, बंद हवाई हद्दी आहेत, आणि पश्चिमेला जाताना जेट स्ट्रीमचा वारा बहुतेक समोरून येतो. घड्याळाची गंमत वेगळीच. जूनमध्ये ते लोक आपल्या साडेदहा तास मागे असतात. सकाळी साडेदहाला निघालात तर तिथे त्याच दिवशी दुपारचे चार वाजलेले असतील.

गुरुत्वीय लहरीला मात्र पृथ्वीला वळसा घालावा लागत नाही, ती आरपार जाते. तिच्यासाठी अंतर म्हणजे कंस नाही, जीवा: १२,७४२ × साइन ६४.७ = ११,५२० किमी. प्रकाशाच्या वेगाने ३८ मिलिसेकंद! दुधाळा-लिव्हिंग्स्टनचं उत्तरही जवळपास हेच. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या दोन वेधशाळांमध्ये ३,००२ किमी, म्हणजे जास्तीत जास्त १० मिलिसेकंद. १४ सप्टेंबर २०१५ ची पहिली लहर लिव्हिंग्स्टननंतर हॅनफर्डला सुमारे ७ मिलिसेकंदांनी पोचली होती. लहर आकाशात कुठून आली ते अशाच फरकांवरून काढतात. वेधशाळा जितक्या लांब, तितकी दिशा नेमकी मिळते. दुधाळ्याचा उपयोग इथे आहे.