वाळवंटातील काळोख : जैसलमेरभोवतीच्या निरीक्षणस्थळांची निवड

वाळवंटात आकाश स्वच्छ असते, म्हणून तेथे कोठूनही तारे उत्तम दिसतात, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. वाळवंट आपल्याला निरभ्र आकाश देते, पण काळोख देत नाही. काळोख शोधावा लागतो. राजस्थानच्या पश्चिम टोकाला असलेले जैसलमेर हे लहानसे शहर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ६५ हजार होती. भोवती शेकडो चौरस किलोमीटर विरळ वस्तीचा प्रदेश, वर्षाकाठी जेमतेम पाऊस आणि सपाट क्षितिज अशी सर्व अनुकूलता तेथे आहे. तरीही तेथे येणारे बहुतेक हौशी निरीक्षक नेमक्या चुकीच्या ठिकाणी जाऊन उभे राहतात, असे म्हणावे लागते.

शहराचा प्रकाश आकाशात कसा पसरतो, हे प्रथम समजून घ्यावयास हवे. रस्त्यावरील दिव्यातून वर जाणारा आणि जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश हवेतील रेणूंवर व धूलिकणांवर आदळून विखुरतो आणि शहरावर एक फिकट घुमट उभा राहतो. रात्री दूरच्या गावाच्या दिशेने क्षितिजालगत जी पिवळसर किंवा पांढुरकी झाक दिसते, ती हाच घुमट होय. अमेरिकन ज्योतिर्विद मर्ल वॉकर यांनी १९७० च्या दशकात या प्रकाशाची मोजणी करून एक सोपा नियम मांडला : अंतर वाढले की उजळपणा अंतराच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केले, तर उजळपणा सुमारे साडेपाच-पावणेसहा पटींनी कमी होतो. शहरापासून १० किलोमीटरवर जो उजेड असेल, त्याचा सुमारे बत्तिसावा भागच ४० किलोमीटरवर उरतो. लहान शहराच्या निरीक्षकाला हा नियम मोठा दिलासा देणारा आहे. मुंबई किंवा दिल्लीपासून शंभर किलोमीटर जाऊनही जे साधत नाही, ते येथे एका तासाच्या प्रवासात साधते.

मात्र हा नियम एकाच प्रकाशस्रोताचा विचार करतो. प्रत्यक्षात जमिनीचा रंगही त्यात भर घालतो. दख्खनच्या काळ्या मातीपेक्षा वाळू व पिवळा वालुकाश्म कितीतरी अधिक प्रकाश परत फेकतात, आणि जैसलमेरचा ११५६ मध्ये वसविलेला किल्लाच नव्हे, तर शहरातील बहुतेक घरे त्याच पिवळ्या दगडाची आहेत. शिवाय दिव्यांची जातही बदलली आहे. जुने सोडियमचे नारिंगी दिवे जाऊन पांढरे एलईडी दिवे आले. पांढऱ्या प्रकाशातील निळा अंश हवेत अधिक विखुरतो, त्यामुळे विजेची बचत झाली तरी आकाशाची झाली, असे म्हणता येत नाही.

आता स्थळांकडे वळू. येथे पहिला प्रश्न ‘किती दूर जावे’ हा नसून ‘आपल्याला काय पाहावयाचे आहे’ हा असावा. जैसलमेर उत्तर अक्षांश २६.९ वर आहे. ध्रुवतारा तेथे क्षितिजापासून सुमारे २७ अंश वर दिसतो आणि तेवढाच दक्षिण आकाशाचा भाग दृष्टिआड होतो. पुण्याहून १९ अंशांपर्यंत चढणारा अगस्त्य येथे जेमतेम १० अंशांपर्यंत येतो. फेब्रुवारीच्या मध्यास, रात्री सव्वानऊच्या सुमारास, तो दक्षिणेस सर्वांत उंच असतो. त्रिशंकूचा वरचा तारा सहा अंश चढतो, तर तळचा तारा क्षितिजालाच टेकून जातो. दहा अंशांच्या उंचीवरील ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरील ताऱ्याच्या मानाने सुमारे साडेपाच पट जाड हवेतून येतो. म्हणजे उत्तरेकडील आणि डोक्यावरील तारे कोठूनही दिसतील, पण दक्षिण क्षितिजावर शहराची झाक असेल, तर दक्षिणेकडील तारे आपल्याला कायमचे पारखे होतील. म्हणून या प्रदेशात मौल्यवान दिशा एकच आहे, ती दक्षिण. शहर आपल्या उत्तरेस राहील, असे स्थळ निवडावे.

या कसोटीवर नेहमीची नावे तपासून पाहिली, तर क्रम बराच बदलतो. लोद्रवा हे भाटी राजांच्या जुन्या राजधानीचे आणि जैन मंदिराचे ठिकाण जवळ, सुमारे १५ किलोमीटरवर आहे. रस्ताही चांगला आहे. पण ते शहराच्या वायव्येस असल्यामुळे तेथून शहराचा घुमट नेमका आग्नेयेस, म्हणजे उगवत्या वृश्चिकाच्या आणि धनूच्या मार्गात येतो. बडा बागच्या छत्र्या तर शहरालगतच आहेत. शिवाय त्यांच्या आसपासच्या पवनचक्क्यांच्या माथ्यावर विमानांसाठी तांबडे दिवे लावलेले असतात. त्यांनी आकाश फारसे उजळत नाही हे खरे, परंतु काळोखाला सरावलेल्या डोळ्यांपुढे ते सतत लुकलुकत राहिले की मन एकाग्र होत नाही आणि छायाचित्रात तर त्यांच्या रेघाच उमटतात. कुलधरा हे ओसाड गाव नैर्ऋत्येस आहे, म्हणजे दिशेच्या दृष्टीने बरे. पण ते संरक्षित स्थळ असून सूर्यास्तानंतर तेथे थांबू दिले जात नाही. अकल येथील लक्षावधी वर्षांपूर्वीच्या वृक्षजीवाश्मांचे उद्यान बारमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवर आहे. तेही सायंकाळी बंद होते.

सर्वाधिक गर्दी सम येथील वाळूच्या टेकड्यांवर होते. शहराच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे अंतर पुरेसे. चाळीस किलोमीटरवरच्या शहराचा त्रास तेथे नाहीच. त्रास आहे तो उशाशी असलेल्या तंबूंचा. पर्यटकांसाठी उभारलेल्या छावण्यांमध्ये हिवाळ्याच्या रात्री नाचगाण्याचे कार्यक्रम चालतात आणि अंगणात प्रखर झोतदिवे असतात. शंभर पावलांवरील एक उघडा झोतदिवा चाळीस किलोमीटरवरील सबंध शहराहून निरीक्षकाचा अधिक घात करतो, हे येथे प्रत्यक्ष अनुभवास येते. सम येथेच मुक्काम करावयाचा असेल, तर छावणी ठरविण्यापूर्वी ‘दिवे किती वाजता मालवता?’ हा प्रश्न विचारावा. उष्ण पाणी मिळेल का, हा प्रश्न त्यानंतरचा. सम येथून पश्चिमेकडचे आकाश मात्र शहरापासून मोकळे असते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये संधिप्रकाश संपल्यावर पश्चिमेस शंकूसारखा वर चढणारा राशिचक्रीय प्रकाश पाहण्यास ही दिशा सोयीची आहे. हा प्रकाश म्हणजे ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धूलिकणांवर पडलेले ऊन होय. शहरात जन्म घालविलेल्या माणसाला तो सहसा ठाऊकच नसतो.

खुडी हे गाव शहराच्या दक्षिणेस, किंचित पश्चिमेकडे कललेले, सरळ रेषेत सुमारे ३९ किलोमीटरवर आहे. मातीची घरे, थोड्या छावण्या, भोवती वाळूचे धोरे. शहर येथून ईशान्येच्याही उत्तरेस राहते आणि दक्षिण क्षितिज मोकळे सापडते. दक्षिणेस बारमेर हे पुढचे मोठे गाव शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. अगस्त्य पाहावयाचा असो, की एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर पंधरा-सोळा अंशांवर येणारा नरतुरंगातील ओमेगा हा प्रचंड तारकागुच्छ पाहावयाचा असो, या परिसरात खुडीकडील बाजूच पत्करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गावातून दीड-दोन किलोमीटर बाहेर पडले की पुरे. त्याहून दूर जाण्याचा हव्यास धरू नये, कारण हा सारा टापू १९८० च्या सुमारास स्थापन झालेल्या, ३,१६२ चौरस किलोमीटर विस्ताराच्या राष्ट्रीय मरू उद्यानाच्या परिसरात येतो. माळढोक पक्षी जमिनीवर अंडी घालतो आणि त्याची संख्या आज अगदी थोडी उरली आहे. रात्री जीप आडवाटेने घालणे त्याच्या जिवावर बेतू शकते. पश्चिमेस अधिक पुढे गेल्यास सीमेलगतचा पट्टा लागतो. तेथे परवानगीवाचून जाता येत नाही. आणि तेथे काळोखही नाही! आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातून २०११ मध्ये घेतलेल्या छायाचित्रात भारत-पाकिस्तान सीमेवरील झोतदिव्यांची नारिंगी रेघ पृथ्वीच्या पाठीवर स्पष्ट उमटलेली दिसते.

टेकडीच्या माथ्यावर बसावे की दोन टेकड्यांमधील खळग्यात? खळग्यात वारा व छावणीचे दिवे अडतात, पण क्षितिजही अडते. माथ्यावर क्षितिज मिळते आणि वाळू दुर्बिणीच्या प्रत्येक सांध्यात शिरते. खरे तर जैसलमेरभोवतीचा बराच प्रदेश वाळूचा नसून खडकाळ माळाचा आहे, आणि दुर्बिणीची तिवई ठेवण्यास असा माळच उत्तम. रात्री फुरसे संचार करते, म्हणून पायांत बूट असावेत आणि जमिनीवर अंथरूण टाकण्याऐवजी गावातून खाट मागून घ्यावी.

काळाची निवडही स्थळाइतकीच महत्त्वाची आहे. मे-जूनमधील धुळीच्या वादळांनंतर हवेत कित्येक दिवस धूळ तरंगत राहते. पावसाने ती धुऊन गेल्यावर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. जानेवारीतील थंडी मात्र कठोर असते. तिथीचा विचार करता वद्य दशमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या रात्री धराव्यात. गंमत अशी, की जैसलमेरचा प्रसिद्ध मरू महोत्सव माघी पौर्णिमेला संपतो. चांदण्यातील वाळू पाहण्यास तो मुहूर्त योग्य, पण तारे पाहण्यास त्याहून वाईट तिथी शोधूनही सापडणार नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जैसलमेर इतके पश्चिमेस आहे, की तेथील स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे ४६ मिनिटे मागे असते. पूर्ण अंधार जानेवारीत साडेसातच्या सुमारास आणि जूनमध्ये साडेनऊच्या सुमारास पडतो.

स्थळ चांगले की नाही, हे उपकरणांवाचून पारखता येते. डोळे काळोखाला सरावण्यास वीस-तीस मिनिटे द्यावीत. या काळात विजेरीवर तांबडा कागद बांधावा आणि भ्रमणध्वनी खिशातच ठेवावा. मग ध्रुवमत्स्याचे तारे मोजावेत. त्याच्या सात ताऱ्यांपैकी तीन तेजस्वी आहेत, पण उरलेले चार चौथ्या-पाचव्या प्रतीचे आहेत. सातही सहज दिसले, तर आकाश चांगले. हिवाळ्याच्या सायंकाळी ही आकृती ध्रुवाखाली लोंबते व क्षितिजाजवळ असते. त्या वेळी देवयानीतील दीर्घिकेचा धुरकट ठिपका शोधावा. शेवटी उभे राहून चारही दिशांना क्षितिज न्याहाळावे आणि प्रत्येक झाक कोणत्या गावाची, ते वहीत टिपावे.

ही वही दरवर्षी नव्याने लिहावी लागते, कारण या प्रदेशात नव्या पवनचक्क्या, सौरविद्युत केंद्रे आणि छावण्या उभ्या राहत आहेत. परवाचे उत्तम स्थळ उद्या तसेच राहील, असे नाही. काळोख राखता येतो, याची उदाहरणेही आपल्याकडे आहेत. लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये असाच आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला; त्यासाठी भोवतालच्या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून, प्रकाश केवळ खाली पडेल असे बसविण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. दिव्यांना फक्त टोपी चढली. खुडीसारख्या गावात मुक्कामाला उतरणाऱ्याने यजमानाला एवढे जरी सुचविले, की अंगणातील दिव्यावर पत्र्याचे झाकण घालावे, तरी त्याच रात्री फरक दिसतो. पत्रा गावातच मिळतो आणि काम अर्ध्या तासाचे आहे.