चित्र काढू द्या, अर्थ विचारू नका
वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांची लहानपणी आई गेली आणि त्यांची वाचाच बसली. धुळीत रेघा ओढून ते मनातलं सांगत. वसतिगृहातल्या चित्रवर्गात मी ही गोष्ट नेहमी सांगते.

गेल्या वर्षी एक मुलगी आठवडाभर नुसती कागदाला गेरू सारवत होती. मग तांदळाच्या पिठाने तिने घर काढलं, दार नसलेलं. मी घाईने विचारलं, "बाय, दार कुठंय?" तिने तळहाताने सगळं पुसून टाकलं.

चूक माझी होती. पुढे मी नुसतं पीठ कालवून शेजारी बसू लागले. एके दिवशी तिने दार काढलं, दारात माणूस काढला आणि आपणहून बोलली.

सेवकांनो, असं चित्र भिंतीवर लावू नका, त्यावरून तर्क लढवू नका. मूल बोललं, की मात्र गप्प राहू नका. पॉक्सो कायद्याने (२०१२) कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा क्रमांक पाठ असू द्या. मी त्याच संध्याकाळी कळवलं. समुपदेशन अजून चालू आहे.

हल्ली ती तारपा नाचाचा फेर काढते. फेरात एक जागा रिकामी ठेवते. मी विचारत नाही.